व्याख्यान संपल्यावर दप्तरात काय उरते? : स्थानिक इतिहास मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील स्थानिक इतिहास मंडळांचे अध्यक्ष, चिटणीस, कार्यकारिणीचे सदस्य आणि सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

आपण वर्षभर जी व्याख्याने, वारसा फेऱ्या, मोडी वर्ग आणि प्रदर्शने भरवता, त्यांचा मी अनेक वर्षांचा श्रोता आहे. सभागृह मिळवायचे, वक्त्याची तारीख ठरवायची, ध्वनिक्षेपक ऐनवेळी दगा देऊ नये म्हणून धावपळ करायची आणि एवढे करूनही खुर्च्या रिकाम्या राहतील की काय ही धास्ती बाळगायची, हे सारे बहुतेक ठिकाणी चार-दोन माणसे आपापले व्यवसाय सांभाळून आणि प्रसंगी पदरमोड करून निभावतात, याची मला पुरेपूर जाणीव आहे. त्यामुळे या पत्रात तक्रारीपेक्षा मागणी अधिक आहे. मंडळाच्या व्यासपीठावरून जे सांगितले जाते ते कशाच्या आधारावर सांगितले, हे श्रोत्याला तेथल्या तेथे कळावे आणि पुढे दहा वर्षांनी चौकशी करणाऱ्याला मंडळाच्या दप्तरात सापडावे, एवढीच ती मागणी. ती दिसायला लहान आहे. मान्य केली तर मात्र कार्यक्रमांची आखणी, वेळेची वाटणी आणि वक्त्यांशी होणारा पत्रव्यवहार, तिन्ही थोडे बदलावे लागतील. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोकशिक्षणासाठी व्याख्याने भरवण्याची आपली परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिच्या धर्तीवर पुढे गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या. तेथे नामवंत वक्ता येतो, विषय मांडतो, श्रोते ऐकून घरी जातात, आणि त्या व्यासपीठाचे काम तेवढ्यात पूर्ण होते. इतिहास मंडळाच्या सभेचे तसे नाही. वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. सभासदांनी आपल्याला मिळालेल्या कागदांविषयी सभेत टिपणे वाचावीत, त्यांवर चर्चा व्हावी आणि ती टिपणे मंडळाच्या इतिवृत्तांत व संमेलनवृत्तांत छापून यावीत, असा तेथला रिवाज होता. सभेत वाचलेले टिपण छापले जाई, छापलेल्या टिपणावर कोणीतरी आक्षेप घेई आणि त्या आक्षेपातून पुढचे टिपण निघे. आज आपली बहुतेक मंडळे नाव संशोधनाचे लावतात आणि कार्यक्रम मात्र व्याख्यानमालेच्या रीतीने करतात. माझ्या मते खरी अडचण येथे आहे.

त्या जुन्या रिवाजाने काय साधले, याचे एकच उदाहरण देतो. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखातला, म्हणजे इसवी सन १६२७ मधला, असे बखरींच्या आधाराने दीर्घकाळ मानले जात होते. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेली शकावली, म्हणजे घटनांची तिथीवार नोंद, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये ती मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात छापली गेली. तिच्यात जन्मतिथी होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे तंजावरच्या हस्तलिखितावरून परमानंदाचे शिवभारत हे शिवाजी महाराजांवरचे संस्कृत काव्य १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातही हीच तिथी निघाली. वाद मिटला असे नाही. तो अनेक दशके चालला आणि शासनाने ही तारीख स्वीकारली तोवर विसावे शतक उलटत आले होते. परंतु वाद घालणाऱ्या प्रत्येकाच्या हाती शकावलीचा छापील पाठ होता. कोणाचा कल कोणत्याही तिथीकडे असो, सगळे एकाच मजकुरावर बोट ठेवून भांडत होते. तीच शकावली कोणा वक्त्याने भाषणाच्या ओघात ‘एका जुन्या घराण्यात मी पाहिलेल्या कागदानुसार’ एवढ्यावर उरकली असती, तर त्या संध्याकाळी टाळ्या पडल्या असत्या आणि दुसऱ्या दिवसापासून १६२७ पुन्हा जिथल्या तिथे असते.

आता आधाराशिवाय पसरणाऱ्या एका नेहमीच्या गोष्टीकडे, म्हणजे भुयाराकडे, वळतो. ज्याच्याखाली भुयार नाही असा जुना वाडा महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही, आणि ते भुयार हमखास जवळच्या किल्ल्यावर निघते. मध्ये नदी आडवी असली तरी निघते. एका मंडळाच्या सभेत एका वक्त्याने असेच भुयार ठामपणे सांगितले. आधार कोणी विचारला नाही, कारण विचारायला वेळच ठेवला नव्हता. वर्तमानपत्रात बातमी आली, बातमीचे कात्रण मंडळाच्या फाइलीत लागले आणि पुढे त्या वाड्यासमोर माहितीफलक उभा राहिला तेव्हा भुयार त्यावर विराजमान झाले होते. फलकावरच्या मजकुराचा आधार म्हणून आता मंडळाचे नाव सांगितले जाते. अशा जागी जमिनीखाली खरोखर जे असते ते बहुधा तळघर असते, धान्याचे पेव असते, नाहीतर पाणी खेळवण्यासाठी बांधलेला खापरी नळ असतो. आणि खापरी नळाची गोष्ट भुयाराहून कितीतरी सुरस आहे, कारण त्यावरून पाणी कोठून आणले, ते कोणाच्या हौदात पडे आणि दुरुस्तीचा खर्च कोणाकडे होता, हे शोधता येते. ऐकीव गोष्टी सभेत सांगूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. ऐकीव आहे असे म्हणून सांगाव्यात, आणि कोणाकडून ऐकली तेही सांगावे.

यासाठी प्रत्येक वक्त्याकडून निमंत्रणाच्या पत्रातच एक पान मागावे. व्याख्यानाचा सारांश नको. आधारांची यादी हवी. अप्रकाशित कागद असेल तर तो कोणत्या संग्रहात, कोणत्या रुमालात, म्हणजे कागदांच्या कापडी गाठोड्यात, आहे. छापील साधन असेल तर कोणता खंड, कोणता लेखांक. शिलालेख असेल तर तो जागेवर जाऊन पाहिला की छायाचित्रावरून वाचला. तोंडी माहिती असेल तर कोणी आणि केव्हा दिली. नुसते ‘पेशवे दफ्तरात असा उल्लेख आहे’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्या दफ्तरातले निवडक कागद छापले, त्यांचेच ४५ खंड झाले, आणि न छापलेले कागद त्याहून अनेक पटींनी अधिक आहेत. हे पान सभागृहाच्या दाराशी ठेवावे, प्रत्येकाला हवे तर घेता यावे आणि एक प्रत तारखेनिशी मंडळाच्या दप्तरात लागावी. वक्ते नाराज होतील, अशी भीती काही पदाधिकारी बोलून दाखवतात. माझा अनुभव असा, की ज्यांनी कागद पाहिलेले असतात त्यांना हे विचारले की आनंदच होतो, कारण एरवी त्यांना कोणी ते विचारत नाही. जे नाराज होतात त्यांची नाराजी मंडळाने पत्करावी.

श्रोत्यांना आधारांत रस नसतो, त्यांना रोमांच हवा असतो, हा दुसरा आक्षेप. तो मला मुळीच पटत नाही, आणि प्रत्यक्ष प्रयोगाने तो तपासून पाहता येतो. एखाद्या सभेत भाषण ठेवूच नये. एकच मोडी कागद पडद्यावर मोठा करून दाखवावा आणि वाचणाऱ्याने तो सर्वांसमक्ष, अडखळत का होईना, वाचावा. आधी ओळ आखून तिच्याखाली अक्षरे लोंबवत नेण्याची ती पद्धत, शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, आणि ‘राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री’ असा मायना संपून मजकूर कोठे सुरू होतो ते ठरवतानाच सभागृहात कुजबुज सुरू होते. मग तारखेशी गाडी थांबते. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे हिजरी महिन्याचा दिवस, आणि जुन्या मराठी कागदांतली वर्षगणना, म्हणजे सन शुहूर, तोही अरबी संख्याशब्दांत. समजा ‘इहिदे सबैन अलफ’ असे असेल, तर इहिदे म्हणजे एक, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार, झाले १०७१. हा सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. कागद १६७० च्या पावसाळ्याच्या तोंडापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचा ठरतो. यातले ५९९ कधी आणि ६०० कधी, हे महिन्यावरून ठरवण्याचे काम श्रोत्यांवरच सोडावे. शाळकरी मुलांपासून निवृत्त तलाठ्यांपर्यंत सगळे कागद-पेन्सिल काढतात. किल्ल्याच्या वेढ्याचे वर्णन ऐकून ज्यांच्या अंगावर काटा येतो, तेच लोक तारीख जुळल्यावर खुर्चीत पुढे सरकून बसतात.

तारखांवरची अशी एखादी सभा तर प्रत्येक मंडळाने घ्यावीच. सतराव्या शतकातल्या इंग्रज वखारीच्या पत्रांत जुनी (ज्युलियन) पंचांगपद्धती आहे, तर पोर्तुगीज कागदांत १५८२ पासूनची नवी (ग्रेगोरियन). एकाच घटनेची तारीख दोन्हींत दहा दिवसांनी वेगळी पडते. शिवाय इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे ज्याला आपण फेब्रुवारी १६३० म्हणतो तो त्यांच्या कागदात १६२९ चा फेब्रुवारी असे. हा घोळ इंग्लंडने १७५२ मध्ये निस्तरला आणि त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. हे ठाऊक नसलेला वक्ता इंग्रजी आणि पोर्तुगीज पत्रे शेजारी ठेवून ‘दहा दिवस महाराज कोठे होते’ असे रहस्य उभे करतो, आणि सभेत हटकणारा कोणी नसेल तर तेही एक भुयारच होऊन बसते.

हटकायला वेळ लागतो. आपल्या सभांचा वेळ कसा जातो ते पाहा. प्रास्ताविक होते, पाहुण्यांचा परिचय होतो, सत्कार होतात, मनोगत होते, मग व्याख्यान ठरल्यापेक्षा अर्धा तास जास्त चालते, अध्यक्ष त्याच व्याख्यानाचा सारांश सांगतात आणि शेवटी ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येणार नाहीत’ अशी घोषणा होऊन आभार मानले जातात. परिचय निमंत्रणपत्रिकेत छापता येतो. अध्यक्षांनी भाषण करू नये. चर्चा चालवावी, म्हणजे लांबण लावणाऱ्याला आवरावे, दबकून बसलेल्याला बोलते करावे आणि प्रश्न टाळणाऱ्या वक्त्याला प्रश्नाकडे परत आणावे. हे कौशल्याचे काम आहे आणि ते ज्याला जमते त्यालाच अध्यक्ष करावे, मग तो पदाने कोणीही असो. दीड तासाच्या सभेत निदान निम्मा वेळ चर्चेला राखून ठेवावा, असा माझा आग्रह आहे. प्रश्न विचारायच्या निमित्ताने स्वतःचेच व्याख्यान सुरू करणारे गृहस्थ प्रत्येक गावात एक तरी असतातच, हे मी मान्य करतो. त्यांच्यासाठी चर्चा बंद ठेवणे हा सर्वांना दिलेला दंड झाला.

शिवाय चर्चेतच ते वाक्य येते ज्यासाठी मंडळे स्थापन झाली : ‘आमच्या घरी असे कागद आहेत.’ हे वाक्य उच्चारणारा माणूस बहुधा मागच्या रांगेत असतो आणि सभा संपताच निघून जातो. चिटणीसांनी त्याच क्षणी त्याचे नाव आणि पत्ता लिहून घ्यावा आणि आठवडाभरात दोन माणसांनी त्याच्या घरी जावे. कागद मागून आणण्याची घाई नको. तेथेच, उजेडात, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, पाठीमागच्या बाजूचेही घ्यावे, कारण कोणी, कधी आणि कशाबद्दल पाठवले याची नोंद पुष्कळदा पाठीवरच असते. काही काळासाठी कागद आणायचेच झाले तर पानांची संख्या लिहून पावती द्यावी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर कदापि करू नये, आणि एका दोरीत बांधलेले कागद विषयवार लावण्याच्या हौसेने सुटे करू नयेत. ते एकत्र का बांधले गेले, हीसुद्धा माहिती असते. आणि लोक आपल्या वस्तू घेऊन येतात अशा प्रदर्शनात नाण्याची वा हस्तलिखिताची किंमत सांगण्याच्या भानगडीत मंडळाने पडू नये. ऐतिहासिक महत्त्वाची हस्तलिखिते ७५ वर्षांनी आणि इतर वस्तू १०० वर्षांनी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात, खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि जमिनीत सापडलेल्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन तर १८७८ पासून आहे. एवढे सांगणारा फलक प्रदर्शनाच्या दाराशी लावला, तरी दलालांची वर्दळ निम्मी होते.

विषयांबद्दल थोडेच लिहितो, कारण या बाबतीत प्रत्येक मंडळाची आवड वेगळी असणार. किल्ले आणि लढाया यांच्याबद्दल मला मुळीच आकस नाही. पण पालिकेच्या जुन्या सभांची इतिवृत्ते, शाळांची दाखलखारीज रजिस्टरे, १८३६ मध्ये इंदापूरपासून सुरू झालेल्या जमीनमोजणीचे आपल्या तालुक्यातले कागद, प्लेगच्या वर्षांतले गाव सोडून माळावर राहणे, गावात प्रथम आलेली वीज, यांवर एकही सभा न घेता वर्षाची आखणी पूर्ण होत असेल, तर त्या मंडळाला स्थानिक म्हणायचे ते कशावरून? बाहेरचा नामवंत वक्ता गावाबद्दल फारसे सांगू शकत नाही. तो जेथे जातो तेथे तेच व्याख्यान देतो. गावातली शिक्षिका पालिकेची दहा वर्षांची इतिवृत्ते वाचून बोलली तर श्रोते कमी येतील, पण त्या सभेतून निघालेले दुसरीकडे कोठेही मिळणार नाही.

साक्षीदारांच्या सभेबद्दल मात्र घाई करा, असे कळकळीने सांगावेसे वाटते. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, हे सगळे अजून माणसांच्या आठवणीत आहेत. पण दुष्काळी कामावर विशीत खडी फोडणारी बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे. शासनाच्या कागदांत त्या कामांवरची हजेरी आणि मजुरी सापडेल. कामाला जाताना तान्हे मूल कोणाजवळ ठेवत, मुकादम माप कसे घेई, आठवड्याचा पगार चुकला तर उधारी कोण देई, हे तीच सांगेल. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी अशा मुलाखतींचे पद्धतशीर काम उभे केले, तेव्हा तेथे प्रामुख्याने नेतेमंडळी आणि मोठे अधिकारी बोलत होते. सामान्य बायामाणसांपर्यंत ही पद्धत नंतर पोहोचली, आणि आपल्याकडे तर जात्यावरच्या ओव्या जमवणाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवून दाखवले आहे, की कागदावर ज्यांचे नाव नाही त्यांचाही दस्तऐवज असतो. मात्र साक्षीदाराला व्यासपीठावर एकदम बसवून माइक हाती देऊ नये. आधी घरी जाऊन निवांत बोलावे, आठवणीला हात देणारे एखादे छायाचित्र किंवा जुनी पावती जवळ ठेवावी, ‘तुम्हाला खूप त्रास झाला ना?’ अशा उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नाऐवजी ‘त्या दिवशी सकाळी तुम्ही कोठे होता?’ असे विचारावे आणि सभेत काय सांगायचे नाही तेही त्यांनाच ठरवू द्यावे. आठवण चुकते, वर्षे सरकतात, दोन पूर एक होतात. म्हणून ती टाकून द्यायची नाही. त्या महिन्याच्या वर्तमानपत्राशेजारी ठेवून वाचायची.

वारसा फेऱ्यांमध्ये गर्दी चांगली असते, आणि गर्दीनेच तेथे नुकसान होते. वीरगळावर किंवा शिलालेखावर खडू, पीठ वा तेल फासून अक्षरे उठवण्याची खोड अजून गेलेली नाही. मंडळाच्याच फेरीत वाटाड्याने ती करावी, हे मी पाहिले आहे. दगडाला स्पर्श न करता तेच काम उजेड करतो. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जावे, अथवा अंधार पडल्यावर विजेरी दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून एका बाजूने धरावी. दुपारी ज्या जागी नुसता खडबडीतपणा दिसत होता, तेथे सावली पडून वेलांटी उभी राहते. विजेरी दुसऱ्या बाजूला नेली की त्याच ओळीतली आडवी रेघ दिसते. फेरीतल्या पन्नास माणसांना हे एकदा दाखवले, तर पुढच्या वेळी त्यांच्यातलाच कोणीतरी पिठाचा डबा काढणाऱ्याचा हात धरील. फेरीत पाहिलेल्या प्रत्येक शिळेची जागा, दिशा आणि त्या दिवशीची अवस्था नोंदवावी. रस्तारुंदीत ती हलली, तर पूर्वी ती कोठे होती याचा एवढाच पुरावा राहणार आहे.

ध्वनिचित्रमुद्रणाबद्दल एक कायदेशीर बाब पुष्कळ पदाधिकाऱ्यांच्या लक्षात येत नाही. सार्वजनिक ठिकाणी केलेल्या भाषणाचा स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्याप्रमाणे मुळात भाषण करणाऱ्याचा असतो. सभागृह मंडळाचे आणि कॅमेरा मंडळाचा म्हणून भाषण मंडळाचे होत नाही, आणि हा हक्क वक्त्याच्या पश्चात ६० वर्षे टिकतो. म्हणून मुद्रण करणे, जपून ठेवणे, लिहून काढून छापणे आणि जालावर टाकणे, या चारही गोष्टींची लेखी परवानगी आधीच घ्यावी. साक्षीदाराच्या बाबतीत ती त्याच्या भाषेत समजावून घ्यावी आणि विचार बदलला तर मागे घेण्याची मुभा ठेवावी. मुद्रण झाले म्हणजे नोंद झाली, असे मात्र समजू नये. दोन तासांच्या चित्रफितीत एखादा उल्लेख शोधायला कोणी बसत नाही. पंधरवड्याच्या आत दोन-तीन पानांचा लेखी वृत्तान्त तयार व्हावा. त्यात वक्त्याचे मुख्य म्हणणे, आधारांचे पान, विचारलेले प्रश्न आणि ज्यांचे उत्तर मिळाले नाही ते प्रश्न वेगळे काढून लिहिलेले असावेत. तो लिहिण्याचे काम महाविद्यालयातल्या मुलांकडे नावासह द्यावे. त्यांना लिहायला मिळेल आणि मंडळाला तरुण माणूस मिळेल. नंतर चूक आढळली तर वृत्तान्ताखालीच तारीख घालून दुरुस्ती लिहावी, मूळ मजकूर खोडू नये.

सभेची वेळ, जिना चढू न शकणाऱ्यांची सोय, मागच्या रांगेला ऐकू येणे, या गोष्टी आपण जाणताच. फक्त एवढे सुचवतो की वर्षातून एक सभा तरी सुट्टीच्या दिवशी सकाळी ठेवा. संध्याकाळच्या सभेला न येऊ शकणाऱ्या बायका तेव्हा येतात, आणि त्यांच्याकडची माहिती मंडळांच्या दप्तरांत जवळजवळ नाहीच.

हे सगळे एकदम होणार नाही, हे मलाही कळते. पुढच्या हंगामाची आखणी करताना आधारांचे पान आणि चर्चेचा निम्मा वेळ, एवढ्या दोन गोष्टी कार्यकारिणीच्या ठरावाने नक्की कराव्यात आणि बाकीचे जमेल तसे घ्यावे. एक काम मात्र हंगामाची वाट न पाहता हाती घेण्याजोगे आहे. बहुतेक मंडळांच्या कपाटात ध्वनिफितींचे खोके पडून आहेत. त्यांत वीस-तीस वर्षांपूर्वीची व्याख्याने आहेत, आणि बोलणाऱ्यांपैकी कित्येक आज हयात नाहीत. त्या फिती बुरशीने खराब होतात, चिकटतात, आणि त्या वाजवणारी यंत्रे दुरुस्त करणारे कारागीरही आता मोजकेच उरले आहेत. पुढच्या मासिक बैठकीत ते खोके टेबलावर घ्यावे, प्रत्येक फितीवरचे नाव, विषय आणि तारीख वहीत उतरवावी, ज्या फितीवर काहीच लिहिलेले नाही तिचीही नोंद करावी, आणि बुरशी दिसत असलेल्या फिती यंत्रात न घालता वेगळ्या काढून जाणकाराकडे द्याव्यात. यादी तयार झाली की ती सभासदांना वाचायला मिळावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित श्रोता